पंख्याखाली बसलेल्यांची नोंद

सुहासिनी घाडी यांच्यावर अन्याय झाला तो होळीच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी, सकाळी अकरा वाजून पाच मिनिटं ते अकरा वाजून वीस मिनिटं एवढ्या वेळात. वॉर्ड ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर, सुनावणीच्या खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर त्या बसल्या होत्या. सव्वादहापासून बसल्या होत्या. आणि सरकारी कागदावर त्यांच्या नावापुढे शेरा पडला: गैरहजर. रस्ता रुंद होणार म्हणून त्यांची दहा बाय बाराची खोली पाडली जाणार होती. त्या बदल्यात ज्यांना घर मिळणार त्यांच्या यादीत, या एका शब्दामुळे, घाडीकाकू अपात्र ठरल्या.

ऑफिस कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की गोरेगाववाले म्हणणार, “ते तिकडचं, आमच्याकडे असं नसतं.” असतं.

पण काकूंची गोष्ट सांगायची तर त्या पंधरा मिनिटांत त्यांच्या शेजारी कोण बसलं होतं ते आधी सांगावं लागेल. शेजारी एक म्हातारे गृहस्थ मांडीवर रेक्झिनची पिशवी ठेवून, पिशवीवर कागद ठेवून, पंखा दुरुस्त केल्याबद्दल महापालिकेचे आभार मानणारं पत्र लिहीत होते.

हो, आभार. ऑफिसात सगळे त्यांना थँक्यूकाका म्हणायचे.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ऑफिसच्या गेटवर. मी तिथे पत्रकं वाटत होते. रस्त्यात घरं जाणाऱ्यांची आमची समिती होती, आणि पत्रकं लिहायचं काम माझ्याकडे. मथळा मोठ्या ठळक अक्षरात: ‘यांच्यावर विश्वास ठेवू नका!’ लोक पत्रक घेतात, चार पावलांवर घडी करतात आणि दहाव्या पावलाला टाकतात. हे गृहस्थ गेटच्या खांबाला टेकून पहिल्या ओळीपासून छापखान्याच्या नावापर्यंत वाचत राहिले. मग माझ्याकडे आले.

“यांच्यावर म्हणजे कोणावर गं?”

“सगळ्यांवर.”

“पाणी सोडणाऱ्यावर पण?”

“काका, पाणी येतं कुठे वेळेवर?”

“येतं की. आमच्याकडे पाच चाळीसला येतं. कोणीतरी पहाटे उठून चावी फिरवतो ना? त्याच्यावर ठेवायचा की नाही?”

मी म्हटलं, “तुम्ही ठेवा. आमच्याकडे टँकर येतो.”

त्यांनी पत्रकावर पुन्हा एक नजर टाकली. मग म्हणाले, “हे लिहायला हवं होतंस. टँकर येतो, हे. ‘सगळे’ लिहिलंस की कोणालाच लागत नाही.” आणि आत निघून गेले. मला वाटलं, ऑफिसचा चमचा दिसतोय. समितीतल्या पोरांनाही तसंच वाटलं. “त्याच्यासमोर काय बोलू नको, आतला माणूस आहे,” असं एकमेकांना बजावून झालं.

आतला माणूस कसला. बाकावरचा माणूस. दर मंगळवारी आणि शुक्रवारी साडेदहाला यायचे आणि साडेबाराला जायचे. त्यांचं स्वतःचं एकही काम तिथे नव्हतं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, पिशवीत कोरे कागद, कार्बन पेपर आणि शाईची छोटी बाटली. ती बाटली कशाला, हे मला बरेच दिवस कळेना. एकदा आवक खिडकीवर बघितलं. खिडकीतल्या बाईंनी शिक्का मारला, तो अर्धाच उमटला. काकांनी बाटली काढली, बाईंच्या सुकलेल्या पॅडवर चार थेंब टाकले, बोटाने पसरले आणि म्हणाले, “आता मारा.” शिक्का टच्चून बसला. तारीख, वेळ, सगळं.

“अर्धा शिक्का म्हणजे ऑफिसचा अपमान,” ते मला म्हणाले. “आणि उद्या कोणाला दाखवायची वेळ आली तर तारीख कुठून वाचणार?”

मी विचारलं, “कोण दाखवायला जातंय तुमचं आभाराचं पत्र?”

“सांगता येत नाही,” काका म्हणाले.

पत्रं कशी असायची? एक मी वाचलंय. ‘विषय: शाळेच्या गल्लीतील दिवा सुरू केल्याबद्दल.’ खाली दिव्याच्या खांबाचा क्रमांक, तो किती दिवस बंद होता, कोणत्या दिवशी सुरू झाला, आणि मग: ‘काल संध्याकाळी सात वाजता या दिव्याखालून शिकवणीच्या चार मुली, इस्त्रीवाला व त्याची बायको, आणि एक अनोळखी गृहस्थ गेले. कोणी मोबाइलची बॅटरी लावली नाही. आभारी आहे.’ प्रत्येक पत्रात ही नावांची नाहीतर माणसांची यादी असायचीच. तो त्यांचा नियमच होता. आभार मोघम नसावेत, कोणाला बरं वाटलं ते लिहावं, नाहीतर ती खुशामत होते, असं ते म्हणायचे. त्यासाठी बाकावर येऊन बसणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, “नाव काय? कामाला आलात? टोकन कितवं?” लोक बिचकायचे. कोणाला वाटायचं पोलीस आहे, कोणाला वाटायचं एजंट आहे. एक बाई तर म्हणाली, “काका, मुलगा बघताय का कोणासाठी?”

खिडकीतल्या बाईंना त्यांचा त्रास वेगळाच.

“काका, सिस्टीममध्ये तक्रार आहे, अर्ज आहे, निवेदन आहे. आभार नाही ओ.”

“मग इतर मध्ये घाला.”

“इतर तक्रार असं येतं.”

“घाला. शिक्का मिळाल्याशी मतलब.”

त्यांनी घातलं. पंधरा दिवसांनी काकांच्या मोबाइलवर संदेश आला: आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. काका तो फोन हातात धरून खिडकीवर आले. चेहरा पडलेला. “बाई, माझे आभार निवारले हो कोणीतरी.” अख्खी रांग हसली. बाईही हसल्या. काका हसले नाहीत. त्यांनी तिथेच नवं पत्र लिहायला घेतलं: आधीचे आभार कायम आहेत असे समजावे.

याला वेडेपणाच म्हणायचं. मीही म्हणत होते. पण वेडेपणाला कारण असतं, आणि मला ते हवं होतं. पत्रकं लिहिणाऱ्याला कारण लागतं, नाहीतर मथळा सुचत नाही. मी त्यांना थेट विचारलं, “का करता हे?”

“सकाळी सुनेची मीटिंग असते घरातून. मी खोकलो तरी तिच्या साहेबाला ऐकू जातं. म्हणून येतो.”

दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, “एका कंपनीत डिस्पॅचला होतो मी, तेहतीस वर्षं. पत्रं पाठवणं एवढंच येतं.”

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी पिशवीतून पासपोर्ट काढला. मी उघडला. सगळी पानं कोरी. एकही शिक्का नाही.

“कुठे जायचं होतं?”

“कुठेच नाही.”

“मग काढला कशाला?”

“देतात का बघायला. अर्ज केला, पोलीस घरी आला, चहा नको म्हणाला, आणि तीन आठवड्यांत पोस्टाने घरी आला. यात लिहिलंय बघ, मी या देशाचा आहे, मला मदत लागली तर करावी. राष्ट्रपतींच्या नावाने लिहिलंय. माझ्यासाठी! त्यांना मी ठाऊक तरी आहे का?” मग पासपोर्ट परत पिशवीत ठेवत म्हणाले, “मुदत संपली तेव्हा परत काढला. अजून देतात.”

मला हसू आलं आणि रागही आला. म्हटलं, “काका, आमच्या घाडीकाकू चाळीस वर्षं त्या खोलीत राहतायत. लाइटचं बिल आहे, मतदार यादीत नाव आहे. त्यांना सिद्ध करायला लावतायत की त्या तिथे राहतात. तुम्हाला घरपोच मिळालं म्हणून सगळ्यांना मिळतं असं नाही.”

“ते खरं,” म्हणाले. एवढंच. वाद घालायचा असला की हा माणूस असा कबूल होऊन बसायचा. फार वैताग.

आणि एक सांगायचं तर, ते भोळे नव्हते. एकदा रस्त्यावरचा खड्डा बुजवला म्हणून त्यांनी पत्र दिलं, आणि आठ दिवसांत खड्डा पुन्हा वर आला. काकांनी दुसरं पत्र दिलं. विषय: आभार मागे घेणेबाबत. दुपारी तीन वाजता ज्युनियर इंजिनियर धावत त्यांच्या सोसायटीत. मी तिथे पत्रकं टाकायला गेले होते, माझ्यासमोर झालं.

“काका, असं नका ना करू.”

“खड्डा आहे की नाही?”

“आहे. उद्या करतो. तक्रारींचा आमच्याकडे ढीग असतो काका, कोण बघतंय. पण तुमचं ते पत्र साहेबांनी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात. आता ते काढायला कोण सांगणार त्यांना?”

खड्डा दुसऱ्या दिवशी बुजला. मी चार वर्षं तक्रारी लिहीत होते, माझ्या घरी कधी कोणी धावत आलं नव्हतं. जळले. खोटं कशाला बोलू?

आता तो मंगळवार.

घाडीकाकू एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या लाटतात. त्या दिवशी खाडा करून आल्या होत्या. सगळे कागद पिशवीत, वर माझं पत्रक. मला यायला उशीर झाला, साडेअकरा वाजले. तोपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, आणि मला ते कळलंही नाही. काकू बाकावर होत्या. बोलावतील म्हणून आम्ही एक वाजेपर्यंत बसलो. मग शिपाई म्हणाला, आजचं संपलं, कळवतील. महिन्याभराने यादी लागली. अपात्र. शेरा: सुनावणीस गैरहजर.

मी पेटले. रात्रीचं जेवण बाजूला ठेवून पत्रक लिहिलं. मथळा होता: ‘हजर बाईला गैरहजर ठरवलं!’ सकाळी छापखान्यात जायच्या आधी काकांकडे गेले. आता मला त्यांची गरज होती. त्या दिवशी ते काकूंच्या शेजारी होते, आणि त्यांच्या पंख्याच्या पत्रात नावं असणार. होतीच. कार्बनची प्रत त्यांनी काढून दाखवली: ‘प्रतीक्षेच्या जागेतील पंखा आज सुरू आहे. आवाज करतो, पण फिरतो. त्याखाली आज पुढील नागरिकांना गारवा मिळाला.’ खाली नावं. तिसरं नाव: ‘श्रीमती सुहासिनी घाडी, सुनावणीसाठी, टोकन सात.’ आणि वर टच्च बसलेला आवक शिक्का. तारीख तीच. वेळ अकरा वाजून पंचवीस मिनिटं. त्यांच्याच ऑफिसचा शिक्का!

“द्या काका. मेले आता ते.”

काकांनी कागद दिला नाही. माझं नवं पत्रक वाचत बसले. मग म्हणाले, “सही मागितली होती, ते कुठे आहे यात?”

“कसली सही?”

“तुला सांगितलं नाही बाईंनी?”

मी घाडीकाकूंना फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे तव्याचा आवाज येत होता.

“काकू, त्या दिवशी सही मागितली होती कोणी?”

“होय तर. तो शिपाय इलो कागद घेवन. म्हणता, हय सही करा. कागदावर वर कायच लिवलेला नाय, कोरो. मी म्हटलंय, माका वाचूक दी, नायतर मी सही करूचंय नाय. तो म्हणता, हजेरी आसा. मी म्हटलंय, खय लिवलाहा हजेरी म्हणान? तो गेलो तसोच.”

“मला सांगितलं का नाही?”

“सांगूचा काय त्यात? तुझ्याच कागदात लिवलेला मां? ‘वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका.’ मी तसाच केलंय.”

मी फोन ठेवला. काका खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं आता बोलणार, बघ, विश्वास ठेवू नका, विश्वास ठेवू नका. नाही बोलले. मीच त्यांच्यावर घसरले.

“तुम्ही शेजारी होतात. तुम्ही का नाही बोललात?”

“बोललो. शिपायाला म्हटलं, वर ‘हजेरी’ असं लिही, तारीख घाल, बाई सही करतील. तो म्हणाला, काका, तुम्ही तुमच्या पंख्याचं बघा.” मग हातातल्या प्रतीवर बोट ठेवलं. “आणि मी पंख्याचं बघितलं. चुकलो तिथे.”

त्यानंतर आमचं भांडण झालं, आणि ते साधंसुधं नव्हतं. माझं म्हणणं, अपिलात फक्त शिक्क्याचं पत्र जोडायचं. बाई हजर होती, हा पुरावा, विषय संपला. सहीचं लिहायचं कशाला? लिहिलं की ते म्हणणार बाईनेच नकार दिला. काकांचं म्हणणं, सगळं लिहायचं. सही मागितली, कागद कोरा होता, बाईंनी नकार दिला, का दिला. आणि वर म्हणाले, “तुझं ते जुनं पत्रकही जोड, सही करू नका म्हणणारं.”

“माझं पत्रक? वेड लागलंय का काका? समितीची इज्जत जाईल.”

“अर्धं तू लिहिलंस तर उरलेलं अर्धं शिपाई सांगेल. मग लोकांना त्याचंच पूर्ण वाटेल.”

“आणि तुमचं पत्र नाही दिलंत तर? बाईचं घर जाईल. चालेल तुम्हाला?”

“पत्र देतो. पण खोटं बोलायला माझा शिक्का वापरू नकोस गं.”

‘माझा शिक्का’ म्हणाले. ऑफिसचा नव्हे, माझा. तेव्हा मला पहिल्यांदा जरा काहीतरी कळलं. या माणसाला ते ऑफिस चांगलं वाटतच नव्हतं. ते त्याला आपलं वाटत होतं. आपल्या घरातल्या नालायक पोराला कोणी चारचौघांत शिव्या घातल्या तर जसं होतं, तसं त्याला माझी पत्रकं वाचून होत असणार.

निकाल घाडीकाकूंनी दिला. संध्याकाळी कामावरून तशाच आल्या, हाताला पीठ. दोघांचं ऐकून घेतलं आणि मला म्हणाल्या, “जोड गो तुझो कागद. हय माझा घर जाता, तुझी लाज ऱ्हवांदे बाजूक.”

जोडला.

अपिलाच्या दिवशी अधिकारी नवीन होते. सगळं वाचलं, पत्रकसुद्धा. मग शिपायाला त्या दिवसाचा हजेरीचा कागद आणायला लावला. आला. सह्या होत्या, आणि वरचा भाग त्या दिवशी कोरा होता तसाच अजून कोरा. दोन महिने झाले तरी मथळा लिहायला कोणाला वेळ झाला नव्हता!

“सही का केली नाहीत आजी?”

“सायबानु, खाली माझी सही, आणि वर उद्या तुम्ही ‘खोली खुशीन सोडलंय’ म्हणान लिवलात तर?”

अधिकारी कागदाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. “हे पत्रक तुमचं?”

“हो.”

“यात सही करू नका एवढंच आहे. मग काय करायचं ते नाही. हजर असल्याचा अर्ज देऊन पोच घ्यायची, हे कोण सांगणार लोकांना?”

“तुम्ही,” मी म्हटलं. “पगार तुम्हाला आहे.”

काकांनी माझा दंड दाबला. पण अधिकारी चिडले नाहीत. त्यांनी ‘गैरहजर’ खोडलं, ‘हजर’ लिहिलं, बाजूला सही केली आणि काकूंचे कागद तपासायला घेतले. तीन आठवड्यांनी सुधारित यादी लागली. सुहासिनी घाडी, पात्र. घर अजून मिळालेलं नाही, पण नाव आहे, आणि नाव असल्यावर भांडता येतं.

यादी बघून जिना उतरताना मी काकांना म्हटलं, “लिहा आता आभाराचं पत्र. चांगलं दोन पानी.”

“आज नाही.”

“का?”

“एक राहिलाय.”

त्या मंगळवारी त्याच कोऱ्या कागदामुळे गैरहजर ठरलेले काकूंशिवाय आणखी तिघे होते. तिघांनी माझंच पत्रक वाचलं होतं. दोघांची नावं काकांच्या यादीत होती. ते पंख्याखाली बसलेले. त्यांचंही अपील मान्य झालं. तिसरा रिक्षावाला. बाकावर जागा नव्हती म्हणून समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. तिथे पंख्याचा वारा पोचत नव्हता. काकांनी लिहिलं होतं ते पंख्याखालच्या लोकांचं. भिंतीपाशी वारा नाही, म्हणून गारवा नाही, म्हणून आभार नाहीत, म्हणून नाव नाही. काकांना तो आठवत होता, शर्टाचा रंगही आठवत होता. ते साक्षीला गेले. काकूंना आणि त्या दोघांना मात्र तो आठवत नव्हता, आणि मी तर उशिरा आले होते. अधिकारी म्हणाले, “काका, तुमच्यावर विश्वास आहे हो, पण एका माणसाच्या आठवणीवर मी शेरा खोडू शकत नाही. कागद आणा, नाहीतर आणखी कोणी पाहिलेलं आणा.” अपील फेटाळलं.

त्यानंतरचा शुक्रवार मी विसरणार नाही. काका बाकावर बसले होते, कागद मांडीवर, पण लिहीत नव्हते. समोरच्या भिंतीकडे बघत होते. मी शेजारी बसले. म्हणाले, “इतकी वर्षं बसलो गं इथे. मान जरा वर करून बघायला काय झालं होतं मला?”

त्यानंतर त्यांच्या यादीत भिंतीपाशी उभे असलेले, जिन्यावर बसलेले, खाली पानाच्या टपरीजवळ थांबलेले सगळे येऊ लागले. पत्रं चार-चार पानांची झाली. खिडकीतल्या बाई कुरकुरायच्या आणि शिक्का मारायच्या. मग काकांची सोसायटी पुनर्विकासाला गेली, मुलाने बदलापूरला भाड्याने घर घेतलं, आणि गुडघ्यांनी इतक्या लांबून येणं नाकारलं. बाकावर आता कोणीही बसतं. नावं कोणी विचारत नाही. मी जाते, पण मला मोर्चे असतात, छापखाना असतो, दर वेळी जमत नाही. शिवाय मी अजून चिडकी आहे. विश्वास ठेवा असं मी कोणाला सांगणार नाही. माझ्याकडून ते व्हायचं नाही.

रिक्षावाला बायको-मुलीला घेऊन वाकोल्याला भाड्याने राहतो. त्याची खोली पाडून झाली. दुसऱ्या अपिलाची मुदत अजून आहे. त्याला फक्त आणखी एक माणूस हवा.

म्हणून तुम्हाला विचारते. होळीच्या आदल्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास, तुम्ही कुठल्याही कामाने एखाद्या वॉर्ड ऑफिसच्या पहिल्या मजल्यावर होतात का? खाकी शर्ट, मधल्या उंचीचा, खांद्याला निळी पिशवी, भिंतीला टेकून उभा. आठवत असेल तर या आणि सांगा. भीती वाटत असेल तर मी सोबत येते.

आणि त्या दिवशी तिथे नसाल, तर येत्या मंगळवारी तुमच्या ऑफिसात असा. एक तास बसा. जो उभा असेल त्याला नाव विचारा, लिहा, खिडकीवर द्या, शिक्का घ्या.